कुंपणापलीकडची शिराळी

चर तुंबला की वेलाचं मूळ कुजतं. आईनं हे मला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ती नसताना दर रविवारी मी ते स्वतःलाच सांगते आणि फावडं उचलते. भिवंडीहून सकाळच्या एसटीनं निघायचं, वज्रेश्वरीच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर उतरायचं, चप्पल हातात घ्यायची आणि चिखलातून घरामागच्या परसात जायचं. घर बंद आहे. आई चैत्रात गेली. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी घरात फारशी जात नाही. परसातलं काम उरकते आणि परतीची एसटी पकडते.

दिवाळीनंतर इथे भराव पडणार. काल्हेरची गोदामं सरकत सरकत आमच्या रस्त्यापर्यंत आली आणि भावानं जागा द्यायची ठरवली. शेजारच्या काकीच्या मुलानंही त्याची दिली. मी विरोध केला नाही. तसल्याच एका गोदामात मी पॅकिंगच्या बायकांवर देखरेखीची नोकरी करते, तेव्हा गोदामांबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. भाऊच फोनवर म्हणतो, "ताई, कशाला मरतेस त्या चिखलात? डंपर आले की सगळं मातीखालीच जाणार ना?"

"बी घरात पडून होतं. किडलं असतं."

"मग देऊन टाकायचं कोणाला तरी."

"कोणाला? तू लावतोस सातव्या मजल्यावर?"

मग तो हसतो आणि म्हणतो, भेंडी झाली तर पाठव.

कारण खरोखरच एवढंच होतं. आईचं दहावं-बारावं झाल्यावर भांडी आवरताना फळीवर एका डब्यात चिंध्यांच्या पुरचुंड्या सापडल्या. प्रत्येकीत राखेत घोळवलेलं बी. भेंडी, काकडी, लाल माठ, शिराळी. बाजारात ज्याला दोडका म्हणतात त्याला आमच्याकडे शिराळं म्हणतात. त्याचं बी काळं, चपटं, हाताला गुळगुळीत. एवढं निगुतीनं ठेवलेलं टाकून देणं मला जमलं नाही. लावलं. आणि लावल्यावर ते उगवलं, म्हणजे मग बघायला यावंच लागतं.

पावसाळ्यातली बाग म्हणजे पाणी घालायचं काम नसतं, पाणी काढायचं असतं. उन्हाळ्यात जिथे आळं करतो तिथे आता मातीचा ढीग करायचा, रोप वर बसवायचं, आणि दोन ढिगांमधून चर काढून पाण्याला खालच्या शेताची वाट दाखवायची. त्याआधी गोगलगाई वेचायच्या. अळूच्या पानामागे, भेंडीच्या खोडाला, जुन्या कौलाच्या पोटात त्या चिकटून बसलेल्या असतात. डब्याच्या तळाशी मीठ असतं; एकेक आत पडली की बारीक फेस येतो. मग गवत. गवत उपटताना पानओव्याला कोपर लागतं आणि त्याचा उग्र वास उठतो, लहानपणच्या पोटदुखीचा आणि काढ्याचा. गवती चहाच्या पात्यांनी पोटऱ्यांवर रेघा उठतात. पाऊस चालूच असतो. अळूवर त्याचा आवाज टपटप, केळीच्या पानावर भरड, आणि न्हाणीच्या पत्र्यावर तर बोललेलं ऐकू येत नाही. डोळे मिटून मला सांगता येईल मी परसात कुठे उभी आहे.

शहरात माझ्या घराखाली कापडाचे लूम चालतात. त्या खटखटीची इतकी सवय आहे की ती थांबली, लाइट गेली, की मी दचकते. इथे पाऊस थांबला की तसंच होतं. एकदम सगळं गप्प होतं आणि कुंपणापलीकडून काकीच्या विळीचा आवाज येतो. ती अळूचे देठ चिरत असते.

पूर्वी हे परस एकच होतं. आईचं आणि काकीचं मिळून. काकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. लग्न होऊन आई या घरात आली तेव्हा काकी आधीच चुलीपाशी होती. माझ्या अगदी लहानपणच्या आठवणीत परसात दोन पाठी आहेत, दोन्ही वाकलेल्या, दोन्हींवर इरली. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पळसाच्या पानांचं छप्पर, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. मागून दोघी दोन मोठ्या कासवांसारख्या दिसायच्या. इरल्याखाली त्या सतत काहीतरी बोलत असायच्या. पावसामुळे शब्द कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची, आणि मधूनच एक इरलं हसण्यानं हलायचं.

मी सात वर्षांची असताना मधोमध कुंपण आलं. मोगली एरंडाच्या फांद्या तोडून ओळीनं रोवल्या. आठ दिवसांत त्यांना पालवी फुटली. मोठ्यांनी काय वाटून घेतलं आणि कोण कोणाला काय बोललं ते मला कळलं नाही. पुढेही मी विचारलं नाही. आम्हा मुलांना तर कुंपणाचा आनंदच झाला होता, कारण मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे होतात. देठ मोडायचा, गवताच्या काडीचं वेटोळं करून चिकात बुडवायची आणि हलकी फुंकर मारायची. आम्ही अलीकडून, चुलत भावंडं पलीकडून. चीक कपड्याला लागला की डाग जात नाही म्हणून दोन्हीकडच्या पोरांना मार बसायचा, तोही साधारण एकाच वेळी.

अबोला फक्त दोघींचा होता. काकी आम्हाला बिनदिक्कत हाक मारायची, "काय गो, खोबरं खातंस का?" आणि आई म्हणायची, "जा, बोलावत्यात." कोण बोलावतंय ते नाव मात्र तोंडातून काढायची नाही. काकीही आम्हाला विचारायची, "ताप उतरला का?" कोणाचा, ते म्हणायची नाही. पण तेव्हा आमच्या घरात आजारी आईच असायची.

गावात वेलांची एक रीत होती. वेल कुणीही लावो, फळ ज्या बाजूला लोंबेल त्या बाजूचं. लावणाऱ्यानं पलीकडे हात घालायचा नाही, मागायचंही नाही. "येलाला कुंपन कळत न्हाय," एवढंच लोक म्हणायचे, आणि त्यावरून कधी तंटा झालेला मी ऐकला नाही. आई दर पावसाळ्यात शिराळ्याचं बी नेमकं कुंपणाच्या मुळाशी लावायची. परसात इतरत्र जागा होती, ऊनही जास्त होतं. तरी तिथेच. वेल कुंपणावर चढायचा, वर जरा घुटमळायचा आणि पलीकडे उतरायचा, कारण पलीकडे उतार होता आणि काकीनं तिथे कारवीच्या काठ्यांचा मांडव केलेला असायचा. काकी तिच्या बाजूनं पडवळ लावायची. ते आमच्याकडे यायचं.

पडवळ मोकळं सोडलं तर वाकडं वाढतं. ते सरळ यावं म्हणून बोटाएवढं असतानाच त्याच्या शेंड्याला दोरीनं लहानसा दगड बांधतात. काकीची जी पडवळं आमच्या बाजूला उतरायची त्यांना आई दगड बांधायची. तानसेच्या पात्रातून गोल, गुळगुळीत दगड ती पदरात घालून आणायची. पावसाची सर आली की ती पांढुरकी पडवळं दगडांसकट हलायची, दगड एकमेकांवर टकटक आपटायचे. शाळेतून आल्यावर मी आधी तो आवाज ऐकायची. आणि पलीकडे गेलेल्या आमच्या शिराळ्याच्या पानांवर सकाळी चुलीची राख शिंपडलेली दिसायची, किडीसाठी. पावसानं ती धुवून जायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा असायची.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही. परसात हातानं लावलेलं, हातानं खुरपलेलं तेवढंच. अळू, माठ, भेंडी, मक्याचं कणीस, सुरणाचा तुकडा, शिराळं, पडवळ, सगळं एका पातेल्यात. तेल नाही, फोडणी नाही, नुसती चिंच, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. त्या भाजीचा वास घरभर नाही, गावभर असायचा, कारण सगळ्या घरांत एकाच वेळी ती रटरटत असायची. आमच्या पातेल्यातलं पडवळ काकीचं असायचं आणि तिच्या पातेल्यातलं शिराळं आईचं. दोघी आपापल्या चुलीपाशी, आपापल्या धुरात. मी ती भाजी चार वर्षं खाल्ली आणि त्यात काय आहे ते मला दिसलं नाही.

अकराव्या वर्षी मला न्याय फार कळायला लागला होता. अबोला आईनं धरलाय म्हणजे तो मीही नेटानं पाळायला हवा, असं मला वाटायचं. काकीनं खोबरं दिलं तरी मी घेईनाशी झाले होते. त्या श्रावणात झड लागली होती. चार दिवस आभाळ उघडलं नव्हतं. चुलीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, गोधड्यांना ओलीचा वास, आणि शाळा पाण्यामुळे बंद. आई खालच्या शेतात बेणायला, तण काढायला गेली होती. मी परसात गोगलगाई वेचत होते. वेचता वेचता कुंपणातून पलीकडे पाहिलं तर आमच्या वेलाची नऊ शिराळी तिच्या मांडवाखाली लोंबत होती. आमच्या बाजूला दोन. त्यातलं एक किडकं.

मी वेल परतवला. एवढंच केलं. कुंपणात अर्धी शिरून एकेक ताणा सोडवला, वेल ओढून अलीकडे आणला आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आमच्या बाजूच्या काठ्यांना बांधला. वेलाचा ताणा एकदा सोडवला की तो पुन्हा धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. ओढताना निम्मी पिवळी फुलं गळून चिखलात पडली. तीन-चार शिराळी देठापासून सुटली. हातांना हिरवा वास लागला होता, कच्च्या शिराळ्याचा, किंचित कडवट. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. आई येईल आणि शाबासकी देईल म्हणून मी दारात बसून राहिले.

ती आली. इरल्यावरून पाणी गळत होतं, हातात विळा होता. तिनं परसाकडे पाहिलं आणि तिथेच थांबली. तिचा चेहरा बघितल्याबरोबर मला कळलं की शाबासकी नाही.

"ह्यो येल कोनी परतवला?"

मी म्हणाले, "काकीनं."

"कोनी?"

"काकीनं. मी बघितलं."

"तू बगितलंस?"

"हो."

मग म्हणाली, "बरं."

तिनं इरलं उतरवलं, विळा पडवीच्या खांबाला अडकवला आणि भर पावसात कुंपणापाशी गेली. आमच्या बाजूला उतरलेल्या काकीच्या पडवळांचे दगड तिनं एकेक करून सोडले. दोऱ्या भिजून घट्ट झाल्या होत्या. नखांनी, मग दातांनी. सोडलेले दगड तिनं न्हाणीच्या भिंतीशी ओळीनं ठेवले. दोन दिवसांत पडवळांचे शेंडे वर वळले. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर आमच्या बाजूला पडवळच नव्हतं. काकीनं तिचा वेल काढून घेतला होता.

त्या वर्षीच्या ऋषीच्या भाजीत पडवळ नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात आईनं शिराळ्याचं बी घराच्या भिंतीशी लावलं. तिथे वेल चांगला यायचा, शिराळीही भरपूर लागायची. इतकी की आम्ही ती खाऊन कंटाळायचो. काही जून होऊन वेलावरच वाळायची, आणि वाऱ्यानं त्यांच्यातलं बी खुळखुळायचं. काकीच्या बाजूनं पडवळ दिसायचं बंद झालं. आम्हा पोरांना हाक मारणं तेवढं चालू राहिलं. पण मी तिच्यासमोर जाणं टाळायला लागले होते, आणि ते टाळणं पुढे सवयीचं झालं. शिक्षण, लग्न, भिवंडी, मुलं, नोकरी. सुट्टीला आले की काकी कुंपणापलीकडून विचारायची, "कवा आलीस गो?" मी म्हणायची, "आत्ताच." आणि घरात शिरायची.

आईला सांगायचं अनेकदा मनात आलं. ती मेथी निवडत बसलेली असताना, मी तिच्या डोक्याला तेल लावत असताना. एकदा दवाखान्यात, सलाईन संपायची वाट बघत असताना तर मी "आई, तो वेल" इथपर्यंत आलेही होते. ती म्हणाली, "कंचा येल? आधी त्या नर्सबायला हाक मार, बाटली रिकामी झाली." मी उठून गेले. परत आले तेव्हा तिला झोप लागली होती. त्यानंतरही वेळ होता. मी घेतला नाही.

ती गेली त्या सकाळी काकी आली होती. पंचेचाळीस वर्षांत प्रथमच आमच्या अंगणात. आत आली नाही, पायरीपाशी उभी राहिली. बायका रडत होत्या, ती रडली नाही. उचलायच्या वेळी मी तिला म्हणाले, "काकी, आत ये, तोंड बघ." तिनं मान हलवली. "तिनं बोलावलं न्हाय," म्हणाली. मग कुंपणाला वळसा घालून तिच्या घरी निघून गेली.

गेल्या रविवारी पाऊस जरा मंद होता. मी चर साफ करत होते आणि पलीकडे विळीचा आवाज चालू होता. कुंपण आता विरळ झालंय. मोगली एरंडाची जुनी खोडं राहिलीत, मधल्या फटींतून सगळं दिसतं. काकी पाटावर बसली होती, डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं खोचून.

"काय गो, येवढं काय खनतंस? सोनं पुरलंय काय तुज्या आयशीनं?"

"पाणी तुंबलंय."

"तुंबू दे. दिवालीला सगलंच बुजवतीन." तिनं अळूचा एक देठ सोलला. "मी चाल्ली बुधवारी. पोरगा येतो न्यायला. काल्हेरला. लिफ्ट हाय म्हनतो."

"बरं झालं. पायऱ्या चढायला नकोत."

"काय बरं? त्या डब्यात जीव घुसमटतो. आन वरती जाऊन काय करू? गॅलरीत कुंडी हाय, तिच्यात सुनंनं प्लास्टिकचं फूल लावलंय." ती हसली. पुढचे दोन दात नाहीत. "पानी घालायची कटकट न्हाय."

बुधवारी ती जाणार होती. पुढच्या रविवारी मी इथे आले असते आणि पलीकडे विळीचा आवाज नसता. मी फावडं टाकलं आणि कुंपणापाशी गेले. पाय घोट्यापर्यंत चिखलात होते.

"काकी, तो वेल मी परतवला होता."

"कंचा येल?"

"शिराळ्याचा. लहानपणी. झड लागली होती तेव्हा."

तिनं मान वर केली नाही. "ता मला म्हायती हाय. मी पडवीतच व्हती की. पायलं मी तुला. भिजून चिंब, दातात जीभ धरून गाठी मारत व्हतीस."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पोर हाय, केला पोरकटपना. मी म्हटलं, सांजच्याला हिची आय येल, बगेल, दोन थोबाडात देल हिच्या, आन येल टाकील परत हिकडं. मी वाट बगत व्हती." विळी थांबली. "तर तिनं धोंडे सोडले."

पाऊस पुन्हा वाढला. तिच्या पोत्यावर तडतड वाजायला लागलं.

"त्या धोंड्यांचा मला आजपन उलगडा न्हाय झाला. दातांनी दोरी सोडवत व्हती गो ती. मी पायलं. भांडी घासायला बसली की माज्या मनात येतं. मी काय केलं व्हतं तिचं?"

"मी तिला सांगितलं होतं, वेल तू परतवलास म्हणून."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. फटीतून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"माजं नाव सांगितलंस?"

"हो."

"आन तिनं मानलं?"

"मानलं."

ती शिव्या देईल, विळी फेकेल, काहीतरी करेल, म्हणून मी उभी होते. तशी तयारी करूनच आले होते. तिनं विचारलं, "मंग काय बोलली?"

"'बरं' म्हणाली."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं."

"शिवी?"

"नाही."

"मला शिवी न्हाय दिली?" काकीचा आवाज पहिल्यांदा फुटला. "अगो, मी तिचा येल परतवला आसं तिला वाटलं, आन तिनं मला येक शिवी न्हाय दिली? मी काय रस्त्यावरची व्हती? जावेला शिवी देत न्हाईत व्हय? हितंच तर व्हती मी, कुंपनाला कान लावून. दारातलं तुमचं बोलनं पावसात न्हाय आयकू आलं, शिवी आली आसती. तिनं येक दिली आसती, मी चार दिल्या आसत्या. गाव गोला झालं आसतं. भांडलो आसतो चांगलं! भांडलं की बोलनं व्हतं. बरं म्हनली! आसं कोन मरतं का, बरं म्हनून?"

ती पदरानं तोंड पुसत होती. पावसाचं पाणी की काय ते मी नीट पाहिलं नाही. मी चाळीस वर्षं ठरवून ठेवलेलं सांगून टाकलं होतं आणि त्यानं तिच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. उलट, जे थोडं होतं तेही गेलं होतं.

"दिली होती, काकी," मी म्हणाले.

"काय?"

"शिवी. परसात नाही. मागाहून, घरात गेल्यावर. कोणाला सांगू नकोस, असं मला म्हणाली होती."

घरात गेल्यावर आईनं चूल पेटवली होती आणि जेवणं होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती. आईची मोठ्यात मोठी शिवी "मेल्या", तीही कोंबड्याला.

काकी पाटावरून उठली. गुडघ्याला हात देऊन, हळूहळू, कुंपणापाशी आली. "काय दिली?"

"म्हणाली..." मला आठवायला वेळ लागतोय असं तिला वाटलं असावं. "म्हणाली, माझी शिराळी जड झाली काय त्या भवानीला? हिच्या हातच्या आमटीला कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही."

काकीचं तोंड उघडंच राहिलं. क्षणभर मला वाटलं, चुकलं. मग तिनं पोतं डोक्यावरून ओढून काढलं, पदर कमरेला खोचला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, आमच्या बंद मागच्या दाराकडे तोंड केलं.

"माज्या आमटीला? माज्या आमटीला गो? तुजा दादला दोन-दोन येला वाढून घ्यायचा माजी आमटी! इचार त्याला! तुला आमटीत मीठ किती घालायचं ता कोनी शिकिवलं? तांदूल धुतलेलं पानी फेकून देत व्हतीस तू, फेकून!"

तिचा आवाज पावसाच्या वर चढला होता. रस्त्यावरून एक दूधवाला छत्री घेऊन चालला होता, तो थांबून बघायला लागला. काकीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"लगीन होऊन आलीस तवा चूल फुकता येत नव्हती तुला. धुरात बसून रडत व्हतीस, नाक वर ओढत. कोनी फुकून दिली? सासूनं? मी दिली! माहेरची आठवन आली की मोरीत जाऊन बसायचीस. कोन बसलं तुज्याजवल मोरीत? तुजा पयला पोरगा गेला तवा तुजे केस कोनी इंचरले? धा दिस कोनी भरवलं तुला? आन मला भवानी म्हनतंस? मला?"

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, हे मला माहीत नव्हतं.

काकीला दम लागला. तिनं एका हातानं कुंपणाचं खोड धरलं. केस कपाळाला चिकटले होते, चेहरा तापला होता, आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आईच्या बाजूचं. चार शिव्यांची फेड करणारं, झणझणीत.

ती माझ्याकडे बघतही नव्हती. मान जरा तिरकी करून, ओठ मिटून, ती आमच्या दाराकडे कान देऊन उभी राहिली. आता आईची पाळी होती.